यमकाच्या आधीची ओळ

लहान मुलांना कविता लिहिता येते की केवळ पाठ करता येते, या प्रश्नाला न्यूयॉर्कमधील एका सरकारी प्राथमिक शाळेत १९६८ पासून मिळत गेलेले उत्तर आजही विचारात घ्यावे असे आहे. ‘पी. एस. ६१’ या मॅनहटनमधील शाळेत ते शोधणारे केनेथ कोक हे स्वतः कवी होते आणि कोलंबिया विद्यापीठात साहित्य शिकवत असत.

त्यांचा गाजलेला पाठ अगदी साधा होता. साऱ्या वर्गाने मिळून एकच कविता रचायची, प्रत्येक मुलाने तिच्यासाठी एक ओळ लिहायची, त्या ओळीची सुरुवात इच्छेने व्हायची आणि तीत एक रंग, चित्रकथेतील एक पात्र आणि एखादे शहर किंवा देश यायचा, एवढाच नियम होता. मग कागद गोळा करून साऱ्या ओळी एकापाठोपाठ मोठ्याने वाचल्या जात. वहीत लाल शाईच्या खुणांखाली दबणारी ओळ येथे साऱ्या वर्गाच्या कानांवर पडे, शेजारच्या मुलाच्या ओळीला लागून अनपेक्षित अर्थ घेई आणि वाचनाच्या आवाजात शुद्धलेखनाच्या चुका ऐकूही येत नसत. अक्षरे नीट न जुळवता येणाऱ्या मुलांनी सांगितलेल्या ओळी मोठी माणसे उतरवून घेत. पुढच्या एका पाठात तर प्रत्येक ओळ धडधडीत खोटी असावी अशी अट होती. शाळेत ज्यासाठी एरवी बोलणी खावी लागतात, त्याचीच येथे मुभा मिळाल्यावर मुलांना विषय शोधत बसण्याची गरज उरत नाही, हे सांगायला नकोच.

यमक, म्हणजे ओळींच्या अखेरीस येणारा ध्वनिसाम्याचा मेळ, कोक यांनी मुद्दाम बाजूला ठेवले, कारण जुळणारा शब्द शोधण्याच्या नादात मूल आपल्याला म्हणायचे होते तेच सोडून देते. मराठीत अडचण उलट्या बाजूने येते: क्रियापद बहुधा वाक्याच्या शेवटी असल्यामुळे ‘खातो’ला ‘जातो’ आणि ‘हसली’ला ‘बसली’ आयतेच सापडते, आणि मग कविता मुलाच्या मनापेक्षा क्रियापदाच्या प्रत्ययाच्या मागे जाऊ लागते.

‘विशेस, लाइज अँड ड्रीम्स’ या १९७० च्या पुस्तकात कोक यांनी हे प्रयोग मांडले. बालसाहित्यिक मायरा कोन लिव्हिंग्स्टन यांच्यासारख्या टीकाकारांना मात्र अशा ठरीव साच्यांतून कवी घडत नाहीत असे वाटे. हा आक्षेप खोटा नाही, परंतु तो साच्यालाच शेवट समजतो. ओवीचाही साचा असतो, आणि जात्यावर बसलेली बाई त्यात आपलेच सुखदुःख घालते. पुढे कोक यांनी हीच रीत एका वृद्धाश्रमात नेली, तेव्हा ज्यांचे हात थरथरत होते त्यांच्या ओळीही दुसऱ्या कोणी लिहून घेतल्या आणि त्यांनाच वाचून दाखवल्या.