कुतच्या वेढ्यात धर्म कुणाच्या आड आला?

२९ एप्रिल १९१६ रोजी तैग्रिस नदीच्या वळणावरच्या कुत-अल-अमारा गावात मेजर जनरल चार्ल्स टाउनशेंड यांनी तुर्की सेनापती खलील पाशापुढे शस्त्रे खाली ठेवली. १४७ दिवसांचा वेढा संपला आणि सुमारे तेरा हजार माणसे कैदेत गेली. त्यांत बहुसंख्य हिंदी होते: शिपाई, भिस्ती, स्वयंपाकी, डोलीवाले. ही फौज सहाव्या, म्हणजे पुणे डिव्हिजनची. १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी वेढ्यात होत्या. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूरकडची माणसे त्यांत होती. पराभवाची कारणे लगेच सांगितली जाऊ लागली. नदीला आलेला पूर, चिखल, तुर्कांची चिवट मोर्चेबंदी ही होतीच, पण एक कारण इतर सर्वांपेक्षा जास्त काळ टिकले. हिंदी शिपायांनी धर्मापायी घोड्याचे मांस नाकारले, ते अशक्त झाले, म्हणून कुत पडले. इंग्रजी युद्धवाङ्मयात हे कारण इतक्यांदा आले आहे की ते आता माहितीसारखे वाचले जाते. शंभराहून अधिक वर्षांनी मागे वळून पाहताना मला ते अर्धसत्य वाटते, आणि अर्धसत्याचा उपयोग कुणाला झाला हे पाहणे जास्त महत्त्वाचे वाटते.

आधी हिशेब धान्याचा. नोव्हेंबर १९१४ मध्ये बसरा हाती आल्यावर या मोहिमेचे मूळ काम जवळपास झाले होते. पण नदी वर नेत गेली आणि सेनापतींची महत्त्वाकांक्षा तिच्यामागून गेली. जून १९१५ मध्ये अमारा आणि सप्टेंबरअखेर कुत हाती आले. मग बगदादच्या ओढीने नोव्हेंबरमध्ये टेसिफॉनची लढाई झाली, तिथे साडेचार हजारांवर माणसे मेली किंवा जखमी झाली आणि फौज मागे हटून कुतमध्ये शिरली. वेढा ७ डिसेंबरला आवळला. टाउनशेंड यांनी बाहेर कळवले की गोऱ्या शिपायांना सुमारे महिनाभराचे आणि हिंदी शिपायांना दोन महिन्यांचे अन्न आहे. या एका निरोपावर बाहेरच्या मदत-सैन्याची सारी घाई उभी राहिली. तोफा, बोटी, दवाखाने येण्याची वाट न पाहता जानेवारीत शेख साद आणि हन्ना इथे हल्ले झाले. पहिल्यात सुमारे चार हजार माणसे कामी आली किंवा जखमी झाली, दुसऱ्यात सुमारे २,७००. आणि मग जानेवारीच्या अखेरीस त्याच टाउनशेंड यांचा नवा निरोप आला: गावातली घरे धुंडाळल्यावर धान्य सापडले आहे, अजून ८४ दिवस निघतील. ही झडती पहिल्याच आठवड्यात घेता आली असती. कुत सोडवण्याच्या प्रयत्नांत एकूण तेवीस हजारांच्या आसपास माणसांचे नुकसान झाले, ते वेढ्यात अडकलेल्यांच्या जवळपास दुप्पट. कुणाच्या जेवणाच्या नियमाने ही घाई झालेली नव्हती. सेनापतीने आपली कोठारे मोजली नव्हती.

घोड्यांची कत्तल जानेवारीच्या अखेरीस सुरू झाली. गोऱ्या शिपायांनी मांस खाल्ले, हिंदी शिपायांपैकी बहुतेकांनी नाकारले. सेनापतीने हिंदुस्थानातून धर्मगुरूंची परवानगी मागवली, ती आली, तरीही एप्रिल उजाडेपर्यंत फारसा फरक पडला नाही. याचा परिणाम झालाच. ताज्या मांसाअभावी हिंदी शिपायांत स्कर्व्ही पसरला. हिरड्या सुजल्या, जखमा भरेनात. हा भाग नाकारण्यात अर्थ नाही. मात्र वेढ्यातले मुख्य वैद्यकीय अधिकारी पॅट्रिक हेहिर यांनी आणखी एक नोंद केली, ती युद्धकथांत क्वचितच येते. घोड्याचे मांस खाणाऱ्या गोऱ्यांत स्कर्व्ही कमी होता, पण बेरीबेरी होता, कारण त्यांची भाकर पांढऱ्या मैद्याची. कोंड्यासकट आटा खाणारे हिंदी शिपाई बेरीबेरीपासून बरेचसे वाचले, आणि मैदा संपून गोऱ्यांनाही आटा-जव मिळू लागल्यावर त्यांचा बेरीबेरी ओसरला. म्हणजे सवयीच्या अन्नाने दोन्ही बाजूंना एकेक आजार दिला. एकाच्या आजाराला आहाराची उणीव म्हटले गेले, दुसऱ्याच्या आजाराला धर्मवेड. ही दुहेरी मोजपट्टी मला साऱ्या प्रकरणाची किल्ली वाटते.

धर्मगुरूंची परवानगी येऊनही शिपाई का अडून राहिले? प्रश्न शास्त्राचा असता तर तारेने सुटला असता. शिपायांची भीती अशी की ही गोष्ट गावी कळली तर घराचे दरवाजे बंद होतील, मुलींची लग्ने जुळणार नाहीत. मराठी वाचकाला हे समजावून सांगायला नको. पापाचे प्रायश्चित्त घेता येते, भावकीने वाळीत टाकले तर त्यावर इलाज नाही. महिन्याच्या पगारातून मनिऑर्डर पाठवणाऱ्या माणसाचे सारे भवितव्य त्या गावातच होते. पलटण त्याला काही वर्षांनी घरीच पाठवणार होती. त्याच्या श्रद्धेत देव किती आणि गावकी किती हे वेगळे काढता येत नाही, पण कुतमध्ये नकार देणारा आवाज मुख्यतः गावकीचा होता असे मला वाटते. तो हिशेबी होता, आंधळा नव्हता. एप्रिलमध्ये उपासमार दारात आली आणि सगळेच खाऊ लागले, तेव्हा हजारोंनी खाल्ले. सगळेच वाटेकरी झाल्यावर कुणी कुणाला वाळीत टाकायचे?

शिवाय ही जातपात बराकीत आणली कुणी, हेही पाहावे. लष्कराने कंपन्या जातवार बांधल्या, चुली वेगळ्या ठेवल्या, भरतीसाठी जातीजातींवर पुस्तिका काढल्या. मराठे आणि दख्खनी मुसलमानांवरची मेजर बेथम यांची पुस्तिका १९०८ ची. कुणी काय खावे, कुणाशी सोयरीक करावी याचा तपशील सरकारी छापखान्यातून निघत होता. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी लढाऊ जातींच्या सिद्धान्तापायी महारांची भरती बंद झाली. शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये ती पुन्हा सुरू करावी म्हणून अर्ज केला तरी दार उघडले नाही. मग युद्धात माणसे अपुरी पडली आणि १९१७ मध्ये १११ महार पलटण उभी राहिली. युद्ध संपल्यावर १९२१ मध्ये ती मोडली. धर्म आणि जात लष्कराच्या गरजेनुसार कडक किंवा सैल होत होती. शिपायाने तीच गोष्ट आपल्या गरजेनुसार धरली तेव्हा मात्र तो अडाणी ठरला.

यावर एक वजनदार आक्षेप येतो. मेसोपोटेमियात धर्माने फौजा खरोखरच अडवल्या होत्या. तुर्की खलिफाने नोव्हेंबर १९१४ मध्ये जिहाद पुकारला. फेब्रुवारी १९१६ मध्ये बसऱ्यात पंधराव्या लान्सर्सच्या मुसलमान स्वारांनी पवित्र भूमीतल्या लढाईत पुढे जायला नकार दिला आणि शेकडो जणांना काळ्या पाण्याची शिक्षा झाली. मग श्रद्धेला कारण म्हणणे चूक कसे? मी श्रद्धेला बिनमहत्त्वाची म्हणत नाही. लान्सर्सचा नकार उघड होता, त्याची किंमत त्यांना ठाऊक होती, आणि तो कशासाठी आहे हे त्यांनी सांगितले. तो श्रद्धेचा खरा संघर्ष होता. कुतमधला नकार त्याच पेटाऱ्यात टाकला की दोन्ही प्रसंग कळेनासे होतात. मराठा पलटणींनी लढायला नकार दिला नव्हता. टेसिफॉनला त्या पुढे गेल्या आणि वेढ्यात खंदकात उभ्या राहिल्या. ज्या श्रद्धेने त्यांना उभे ठेवले तिची नोंद कुठल्या तारेत नाही. ती आड आली तेव्हाच ती बातमी झाली.

बातमीचा प्रश्न इथे येतोच. टेसिफॉननंतर जखमी बोटींतून आणि उघड्या पडावांतून बसऱ्याला आले, ते मलमूत्रात लडबडलेले, दिवसेंदिवस पट्टी न बदललेले. 'वरेला' या रुग्णनौकेवरचे मेजर कार्टर यांनी हे पाहून वर कळवले, तेव्हा त्यांनाच अटकेची धमकी मिळाली. वरून मात्र जखमींची व्यवस्था समाधानकारक असल्याची तार गेली. अधिकृत वार्ताहर एडमंड कॅन्डलर मदत-सैन्याबरोबर होते, त्यांचा मजकूर परवानगीने बाहेर पडत होता. इकडे १९१० चा प्रेस कायदा आणि १९१५ चा भारत संरक्षण कायदा. पुण्या-मुंबईची मराठी पत्रे रॉयटरच्या तारांवर चालत. १९१५ मध्ये सुरू झालेल्या अच्युत बळवंत कोल्हटकरांच्या 'संदेश'ने बातमी चटकदार केली तरी तिचे मूळ तेच. पुढे १९१८ मध्ये सरकारने निवडक हिंदी संपादकांना पाहुणे म्हणून युरोपच्या आघाडीवर नेले. त्यांत 'ज्ञानप्रकाश'तर्फे गो. कृ. देवधर होते. पाहुण्यांना काय दाखवायचे हे यजमान ठरवतो, हे वेगळे सांगायला नको. युद्धात बातमी दाबावीच लागते, शत्रूला कळता कामा नये, असे कुणी म्हणेल. सैन्याच्या हालचालींपुरते ते खरे. पण कुतमधली भूक तुर्कांना ठाऊक होती, वेढा त्यांचाच होता. उघड्या पडावांतले जखमी बसऱ्याच्या धक्क्यावर सगळ्यांना दिसत होते. कळत नव्हते ते चिपळूण, कराड आणि लंडनला.

हा पडदा वर्तमानपत्रांनी नाही, चौकशीने फाडला. लॉर्ड जॉर्ज हॅमिल्टन यांच्या अध्यक्षतेखालच्या मेसोपोटेमिया आयोगाचा अहवाल जून १९१७ मध्ये बाहेर आला. त्याने सर्वाधिक दोष जनरल निक्सन यांना दिला. व्हाइसरॉय हार्डिंग आणि सरसेनापती डफ यांनाही सोडले नाही. भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांनी राजीनामा दिला, माँटेग्यू त्यांच्या जागी आले आणि २० ऑगस्टला जबाबदार राज्यपद्धतीची घोषणा झाली. घोषणेमागे इतर कारणे होतीच, पण कुतच्या चिखलाने वाट थोडी मऊ केली यात शंका नाही. टिळक हे ओळखून होते. ऑगस्ट १९१४ मध्ये त्यांनी सरकारला सहकार्य देऊ केले होते. जून १९१८ मध्ये मुंबईच्या युद्ध परिषदेत मदतीबरोबर स्वराज्याची गोष्ट काढताच लॉर्ड विलिंग्डन यांनी त्यांना थांबवले आणि ते बाहेर पडले. सैनिकाच्या रक्ताची किंमत काय, हा प्रश्न तिथे उघडपणे विचारला गेला. ज्यांचे रक्त होते त्यांना मात्र तो कुणी विचारला नाही.

त्यांच्या बाजूचे लिखाण बंगालीत मिळते. डॉ. कल्याण मुखर्जी रस-अल-ऐनला कैदेत वारले आणि त्यांची पत्रे आजी मोक्षदादेवींनी पुस्तकात आणली. शिशिर सर्वाधिकारी यांचे 'अभि ले बगदाद' १९५७ मध्ये निघाले. मराठ्यांच्या बाजूने तशी मोठी साक्ष साहित्यात रुजली नाही, याचे कारण शिक्षणाच्या वाटपात आहे. ११७ व्या पलटणीला १९२१ मध्ये 'रॉयल' किताब मिळाला, साताऱ्याजवळच्या अपशिंग्यात पहिल्या महायुद्धातल्या ४६ मृतांची आठवण दगडावर राहिली. शब्द राहिले ते टाउनशेंड यांचे. ते कैदेत इस्तंबूलजवळच्या बेटावर आरामात राहिले, १९२० मध्ये आत्मसमर्थनाचे पुस्तक लिहिले आणि त्यात आपल्या हिंदी पलटणींबद्दल भरपूर तक्रारी केल्या. त्यांच्याबरोबर शरण गेलेले शिपाई वाळवंटातून चालत नेले गेले आणि बगदाद रेल्वेच्या कामावर जुंपले गेले.

श्रद्धेचे कारण युद्धानंतरही उपयोगी पडले. मृतांची स्मारके उभारताना हिंदी लोकांना वैयक्तिक कबरीचे, नावाचे तितके अप्रूप नसते, अशा समजुतींवर निर्णय घेतले गेले. राष्ट्रकुल युद्धस्मृती आयोगाने एप्रिल २०२१ च्या अहवालात ही असमान वागणूक मान्य करून माफी मागितली. फ्रान्समध्ये न्यूव्ह-शापेल इथे १९२७ मध्ये उघडलेल्या स्मारकावर ४,७०० हून अधिक हिंदी सैनिकांची नावे कोरलेली आहेत, शिपायांसकट. १९२९ च्या बसरा स्मारकावर गोऱ्यांची आणि हिंदी अधिकाऱ्यांची नावे आहेत. हिंदी शिपायांसाठी पलटणीचे नाव आणि पुढे संख्या. दोन्हीकडचे मृत त्याच धर्मांचे, त्याच सैन्याचे होते. फरक एवढाच की फ्रान्समधले स्मारक युरोपच्या रस्त्यावर होते.