हाती छापलेली शुभेच्छापत्रे : लाल-हिरव्यापलीकडील रंग

नाताळ म्हटला की लाल आणि हिरवा, दिवाळी म्हटली की केशरी आणि पिवळा, असे शुभेच्छापत्रांच्या रंगांचे समीकरण रूढ झाले आहे. घरच्या घरी ठशांनी शुभेच्छापत्रे छापणाऱ्यांना मात्र हे बंधन पाळण्याचे कारण नाही. त्यासाठी रंग, कागद आणि ठसा यांचा परस्परसंबंध जाणून घ्यावा लागतो.

विक्रीसाठी छापलेले पहिले नाताळपत्र १८४३ मध्ये लंडन येथे निघाले. हेन्री कोल यांच्या सूचनेवरून चित्रकार जॉन कॅलकॉट हॉर्स्ली यांनी काढलेल्या चित्राच्या सुमारे एक हजार प्रती शिळाछापावर काढून हाताने रंगविण्यात आल्या. एका पत्राची किंमत एक शिलिंग होती. म्हणजे या प्रथेच्या आरंभीच छपाई आणि हस्तकौशल्य यांचा मिलाफ झालेला होता.

नव्या रंगांची निवड परिसरातूनही करता येते. बंगळुरू शहर याचे उत्तम उदाहरण आहे. बडोदा संस्थानात काम केल्यानंतर विसाव्या शतकाच्या आरंभी येथे आलेले जर्मन उद्यानतज्ज्ञ गुस्ताव हर्मन क्रुम्बिगेल यांनी वर्षभर कोठे ना कोठे बहर दिसावा अशा क्रमाने वृक्षलागवडीची कल्पना राबविली. हिवाळ्यात गुलाबी टॅबेबुया आणि त्यानंतर फुलणारा जांभळा नीलमोहर ही या शहराची ओळख आहे. येथील नाताळपत्रावर गुलाबी आणि जांभळा रंग आल्यास तो विक्षिप्तपणा न ठरता स्थानिक ऋतूचे चित्र ठरते. महाराष्ट्रातही एरवी सणाला वर्ज्य मानला जाणारा काळा रंग संक्रांतीला मानाने वापरला जातो. त्यामुळे काळ्या कागदावर पांढऱ्या तिळांचे ठसे उमटवलेले शुभेच्छापत्र परंपरेला धरूनच होईल.

ठशासाठी लिनोलियम, खोडरबर किंवा लाकूड वापरता येते. शाळेत भेंडीचे ठसे उमटवलेल्यांना हे तंत्र परके नाही. ठशावरील आकृती कागदावर उलटी उमटते. म्हणून अक्षरे आरशात दिसतात तशी कोरावी लागतात. प्रत्येक रंगासाठी स्वतंत्र ठसा घेऊन आधी फिका आणि तो वाळल्यावर गडद रंग छापावा. लाल आणि हिरवा एकमेकांवर आल्यास तपकिरी छटा होते. निळ्या आणि गुलाबीतून मात्र प्रसन्न जांभळा मिळतो. गडद कागदावर पारदर्शक शाई दिसत नाही. तेथे पांढरी किंवा अन्य अपारदर्शक शाईच लागते.

कागद जाड असावा. ए-४ आकाराच्या एका कागदाचे दोन भाग करून प्रत्येकाची घडी घातल्यास सी-६ लिफाफ्यात मावणारी दोन पत्रे होतात. हातकागदावर पातळ शाई पसरण्याची शक्यता असल्याने दाट शाई वापरणे श्रेयस्कर. अशा कागदाच्या निर्मितीला चालना देणारी हातकागद संस्था पुण्यात १९४० मध्ये स्थापन झाली. कापडावरील ठसेछपाईची कला जपणारी ‘तरंगिणी’ ही कार्यशाळा बंगळुरूमध्ये १९७७ मध्ये लक्ष्मी श्रीवत्स यांनी सुरू केली.

रंगांच्या निवडीला आणखी एक बाजू आहे. लाल-हिरव्या रंगांतील भेद ओळखू न येणे हा वर्णांधतेचा सर्वांत सामान्य प्रकार असून आनुवंशिक कारणांमुळे तो स्त्रियांपेक्षा पुरुषांमध्ये अधिक आढळतो. सारख्याच गडदपणाच्या हिरव्या पानांवर छापलेली लाल अक्षरे अशा व्यक्तीला नीट वाचता येत नाहीत. गडद निळा आणि फिका पिवळा यांसारखी जोडी वापरल्यास मजकूर स्पष्ट दिसतो. शुभेच्छापत्राचा उद्देश ते मिळणाऱ्याला आनंद देणे हा आहे. त्यामुळे रूढ रंग बाजूला ठेवण्यामागे हौसेइतकाच त्याच्याविषयीचा विचारही असू शकतो.