इंग्रजी वाक्प्रचार : समजून घ्या, जपून वापरा

शब्द ओळखीचे, वाक्य सोपे, तरीही अर्थ भलताच! अशा वेळी हसून मान डोलावली की घोटाळा झालाच म्हणून समजा. थोडी सावधगिरी आणि थोडा सराव असेल तर ही अडचण सहज दूर होऊ शकते.

पतीची बदली झाली म्हणून एक मराठी कुटुंब नागपूरहून चंदिगडला राहायला गेले. मुलाला तिथल्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेत सातवीत प्रवेश मिळाला. पहिल्याच पालकसभेत वर्गशिक्षिका आईला म्हणाल्या, ''ही मस्ट पुल हिज सॉक्स अप.'' आईने ''येस मॅडम'' म्हणून मान डोलावली. घरी येताच तिने मुलाचे सगळे मोजे तपासले. दोन जोड्यांचे इलॅस्टिक खरोखरच सैल झाले होते. त्याच संध्याकाळी नवे मोजे आले आणि रोज सकाळी मोजे नीट वर ओढले आहेत की नाही, हे ती जातीने पाहू लागली.

सहामाहीचा निकाल लागला तेव्हा मुलगा गणित आणि विज्ञान, दोन्ही विषयांत नापास. आई तक्रार घेऊन शाळेत गेली. शिक्षिका आश्चर्याने म्हणाल्या, ''मी तर तुम्हाला तीन महिन्यांपूर्वीच सांगितलं होतं!'' 'पुल युअर सॉक्स अप' म्हणजे आळस झटकून नेटाने कामाला लागणे, हे तिला त्या दिवशी कळले.

ही गोष्ट ऐकून हसू येते. पण अशीच चूक रुग्णालयात झाली तर? एका गृहस्थांच्या वडिलांना हृदयविकाराचा झटका आला. दुसऱ्या दिवशी डॉक्टर घाईघाईत म्हणाले, ''ही इज नॉट आऊट ऑफ द वुड्स यट.'' चिंतेने आधीच गोंधळलेल्या मुलाच्या कानांनी फक्त 'आऊट ऑफ' तेवढे टिपले. 'आऊट ऑफ डेंजर' असेच काहीतरी असणार, असे समजून त्याने पुण्याच्या बहिणीला फोन केला, ''धोका टळला. रविवारी सावकाश ये.'' डॉक्टरांनी नेमके उलट सांगितले होते. रानातून अजून बाहेर पडलेले नाहीत, म्हणजे धोका टळलेला नाही. सुदैवाने वडील बचावले. पण ''मला त्याच रात्री का नाही बोलावलंस?'' हा बहिणीचा प्रश्न त्यांच्या मनाला अजून टोचतो.

दोन्ही ठिकाणी इंग्रजी येत नव्हते, असे नाही. शब्द सगळे ओळखीचे होते. अडचण होती ती वाक्प्रचाराची. आणि त्याहून मोठी अडचण होती, ती न समजताही मान डोलावण्याची.

शब्दांपलीकडचा अर्थ

वाक्प्रचार काही इंग्रजीतच असतात असे नाही. पोटात कावळे ओरडतात, नाकी नऊ येतात, कुणी हातावर तुरी देऊन पळतो, तर कुणी तोंडाला पाने पुसतो. मराठी माणसाला यात काहीच विचित्र वाटत नाही. पण नुकतेच मराठी शिकू लागलेल्या एखाद्या परप्रांतीय शेजाऱ्याला विचारा. पोटात कावळे शिरले कसे, या विचाराने तो थक्क होईल!

इंग्रजीपुढे आपली स्थिती त्या शेजाऱ्यासारखीच असते. 'अंडर द वेदर' यातला प्रत्येक शब्द पाचवीतल्या मुलालाही येतो, पण एकत्र आले की त्यांचा अर्थ होतो, प्रकृती जराशी बरी नसणे. म्हणून पहिली खूण लक्षात ठेवा. ओळखीच्या शब्दांचे वाक्य त्या प्रसंगात बसत नसेल, शिक्षिका अभ्यासाचे बोलताबोलता एकदम मोज्यांकडे वळल्या असतील, तर तिथे बहुधा वाक्प्रचार आहे.

तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर ज्या पिढ्या इंग्रजी शिकल्या, त्यांना शब्दाला शब्द ठेवून भाषांतर करण्याची सवय लागली. व्याकरण पक्के व्हायला ती सवय उपयोगी पडते, वाक्प्रचारापाशी मात्र ती दगा देते.

गोष्ट कळली की अर्थ विसरत नाही

घोकंपट्टीने वाक्प्रचार चार दिवस लक्षात राहतात. त्यामागची गोष्ट कळली, तर कायमचे राहतात. मुलांना तर असे प्रसंग फार आवडतात.

'टर्न अ ब्लाइंड आय' म्हणजे जाणूनबुजून डोळेझाक करणे. १८०१ मध्ये कोपनहेगनच्या सागरी लढाईत ब्रिटिश सेनानी नेल्सन याला माघार घेण्याचा इशारा निशाणांनी देण्यात आला. नेल्सनचा एक डोळा निकामी होता. त्याने दुर्बीण त्याच डोळ्याला लावली आणि 'मला काही इशारा दिसत नाही' असे म्हणत लढाई चालू ठेवली, असे सांगतात.

'क्रॉस द रुबिकॉन' म्हणजे मागे फिरता येणार नाही असे पाऊल उचलणे. रुबिकॉन ही इटलीच्या उत्तरेकडची एक लहानशी नदी. इसवी सनापूर्वी ४९ मध्ये ज्युलियस सीझरने सैन्यासह ती ओलांडली आणि रोममध्ये यादवी युद्ध पेटले. 'मीट युअर वॉटर्लू' म्हणजे शेवटचा, निर्णायक पराभव होणे. १८१५ मध्ये वॉटर्लू येथे नेपोलियनचा तसा पराभव झाला होता.

'बीट अराउंड द बुश' हा वाक्प्रचार शिकारीतून आला. पक्षी उठवण्यासाठी झुडपांभोवती काठ्या आपटत फिरायचे, तसे मुद्द्याला हात न घालता आडवळणाने बोलत राहायचे. आणि 'रेड टेप'? इंग्लंडमध्ये सरकारी कागदपत्रे तांबड्या फितीने बांधून ठेवत. आपल्याकडे हीच 'लालफीत' झाली.

म्हणजे यातले काही पाहुणे आपल्या घरात केव्हाच येऊन राहिले आहेत. मराठी वर्तमानपत्रांत रोज दिसणारे 'हिमनगाचे टोक' आणि 'चहाच्या पेल्यातील वादळ' हे इंग्रजीतूनच आले. काहींना आपले सख्खे भाऊ आहेत. 'बिटवीन द डेव्हिल अँड द डीप सी' म्हणजे आपले 'इकडे आड, तिकडे विहीर'. कोळशाच्या खाणींसाठी प्रसिद्ध असलेल्या न्यूकॅसलला कोळसा नेणे आणि हिंदीतले 'उलटे बांस बरेली को' यांचा अर्थही एकच, जिथे मुबलक आहे तिथेच ती वस्तू नेण्याचा खुळेपणा. दिल्ली, इंदूर किंवा भोपाळला वाढणाऱ्या मराठी मुलांना तर अशा तीन भाषांतल्या जोड्या लावणे हा उत्तम खेळ ठरेल.

देश बदलला की अर्थ बदलतो

'टेबल' हा शब्द पाहा. ब्रिटनमध्ये एखादा प्रस्ताव 'टेबल' करणे म्हणजे तो चर्चेला घेणे. आपल्या संसदेतही कागदपत्रे सभागृहाच्या पटलावर ठेवतात, ती याच परंपरेने. अमेरिकेत मात्र 'टेबल' करणे म्हणजे विषय बाजूला ठेवणे! दुसऱ्या महायुद्धाच्या काळात या एका शब्दावरून ब्रिटिश आणि अमेरिकन अधिकाऱ्यांत बराच वेळ वाद रंगला. प्रत्यक्षात दोन्ही बाजूंना तो विषय चर्चेला घ्यायचाच होता! विन्स्टन चर्चिल यांनी आपल्या युद्धविषयक ग्रंथात ही हकीकत नोंदवली आहे. इंग्रजी ज्यांची मातृभाषा, त्यांचीही अशी फसगत होते, मग आपण संकोच का बाळगावा?

आपण भारतीयांनीही इंग्रजीत स्वतःची भर घातली आहे. 'आऊट ऑफ स्टेशन' म्हणजे परगावी, हे आपल्याकडे सर्वांना कळते. 'प्रीपोन' या शब्दाला तर ऑक्सफर्डच्या शब्दकोशातही जागा मिळाली. त्यात लाजण्यासारखे काही नाही. फक्त परदेशातल्या माणसाशी बोलताना जपावे. 'माय डॉटर पास्ड आऊट लास्ट इयर' असे अभिमानाने सांगितले, तर मुलगी पदवीधर झाली असे समजण्याऐवजी ती चक्कर येऊन पडली, असा समज व्हायचा!

समजा पुष्कळ, वापरा थोडे

वाक्प्रचार जितके समजतील तितके चांगले. वापरताना मात्र हात आखडता ठेवावा. जेवणात मीठ हवेच, पण मुठीने नव्हे. पुढील गोष्टी लक्षात ठेवल्या तर फजिती टळेल.

शब्द बदलू नका. 'पीस ऑफ केक' म्हणजे अगदी सोपे काम. केकऐवजी बर्फी घातली, तर अर्थ उरत नाही.

प्रसंग पाहा. 'किक द बकेट' म्हणजे मरणे, पण ही थट्टेची भाषा आहे. हा वाक्प्रचार सांत्वनाच्या पत्रात लिहिणे म्हणजे दुःखी कुटुंबाचा अपमान करणे. तिथे 'पास्ड अवे' हेच योग्य.

मराठी वाक्प्रचारांचे शब्दशः इंग्रजी करू नका. 'डोन्ट ईट माय हेड' हे मुंबईत समजेल, मँचेस्टरमध्ये नाही.

अर्ज, मुलाखत आणि कार्यालयीन पत्र यांत साधी, सरळ भाषाच अधिक शोभते. नोकरीच्या अर्जात वाक्प्रचारांची आरास केली म्हणजे छाप पडते, हा गैरसमज आहे.

रोज कानावर पडणारे दहा

ऑन द सेम पेज : एकमत असणे, सर्वांची समजूत सारखी असणे.
बॉलपार्क फिगर : ढोबळ अंदाजाचा आकडा. हा अमेरिकेतील बेसबॉलमधून आला.
कट कॉर्नर्स : पैसा किंवा वेळ वाचवण्यासाठी कामात कुचराई करणे.
पास द बक : आपली जबाबदारी दुसऱ्यावर ढकलणे.
कॉल इट अ डे : आजचे काम इथेच थांबवणे.
ब्रेक द आइस : पहिल्या भेटीतला संकोच दूर करणे.
कोल्ड फीट : ऐन वेळी हिंमत खचणे.
रीड बिटवीन द लाइन्स : न लिहिलेला, न बोललेला अर्थ ओळखणे.
पुल समवन्स लेग : गमतीने कुणाची फिरकी घेणे. पाय ओढणे म्हटले की मराठी माणसाला खेकडे आठवतात, पण इथे वैरभाव नसतो.
ब्रेक अ लेग : रंगमंचावर जाणाऱ्या कलाकाराला दिलेली शुभेच्छा. ऐकून रागावू नका!

घरच्या घरी सराव

यासाठी महागडा क्लास लावण्याची गरज नाही. आठवड्याला एकच वाक्प्रचार निवडा आणि तो कॅलेंडरवर किंवा फ्रिजवर लिहून ठेवा. मुलांनी त्याचे इंग्रजी वाक्य करावे आणि आजी-आजोबांनी त्याच्या जोडीचा मराठी वाक्प्रचार सांगावा. वर्षाला बावन्न होतील आणि मुलांची मराठीही सुधारेल. इंग्रजी बातम्या ऐकताना अडलेला वाक्प्रचार वहीत टिपून घ्या. मोबाइलवरील शब्दकोशात शोधताना एकेक शब्द न शोधता पूर्ण वाक्प्रचार शोधा, नाहीतर पुन्हा मोज्यांपाशीच येऊन थांबाल.

एक गोष्ट घरातल्या मुलांनाही सांगायला हवी. आईचे इंग्रजी चुकले की खोखो हसणारी मुले तिला हळूहळू गप्प करतात. मग ती पालकसभेत प्रश्न विचारत नाही, दवाखान्यात विचारत नाही आणि त्याची किंमत सगळ्या घराला मोजावी लागते.

न समजलेले विचारण्यात कमीपणा मुळीच नाही. ''सॉरी, व्हॉट डू यू मीन बाय दॅट?'' एवढे छोटे वाक्य पुरे. डॉक्टरांना तर ''साध्या शब्दांत किंवा हिंदीत सांगा'' असे सरळ म्हणावे आणि ऐकलेले आपल्या शब्दांत परत म्हणून दाखवावे, ''म्हणजे धोका अजून आहे ना?''

चंदिगडच्या त्या आईने हेच केले. पुढच्या पालकसभेत शिक्षिका म्हणाल्या, ''नाऊ ही इज टर्निंग ओव्हर अ न्यू लीफ.'' आईने या वेळी मान डोलावली नाही. तिने शांतपणे विचारले, ''म्हणजे काय, मॅडम?'' मुलाने नव्याने, चांगली सुरुवात केली आहे, असा त्याचा अर्थ होता. घरी येऊन तिने तो वाक्प्रचार कॅलेंडरवर लिहिला आणि मुलाला विचारले, ''याला मराठीत काय म्हणशील, सांग बरं?''