कबड्डीत कोपर लागलं, डोळा काळानिळा झाला, मग काय?

जळगावच्या पिंप्राळ्यात संध्याकाळी कबड्डी रंगात येते. चढाई करणाऱ्याला पकडताना एखाद्याचं कोपर दुसऱ्याच्या डोळ्याखाली बसतं आणि सकाळी आरशात ओळख पटत नाही!

डोळ्याभोवतीची कातडी शरीरात सर्वांत पातळ, खालचा भागही सैल. बारीक रक्तवाहिन्या फुटल्या की रक्त तिथे साचतं. आधी लालसर-जांभळं, मग हिरवट, शेवटी पिवळं. रक्तातलं हिमोग्लोबिन टप्प्याटप्प्याने विघटित होतं, म्हणून हे रंग बदलतात. दोनेक आठवड्यांत सगळं ओसरतं. मार कपाळाला लागला तरी रक्त खाली उतरून दुसऱ्या दिवशी पापण्या सुजतात.

पहिले एक-दोन दिवस रुमालात गुंडाळलेला बर्फ, एका वेळी १५-२० मिनिटं, बुबुळावर दाब न देता. झोपताना उशी उंच. तेल-हळदीची मालिश आणि गरम शेक मात्र लगेच नको, सूज वाढते.

खरी काळजी वेगळीच, खुद्द डोळ्याला इजा होण्याची. दक्षिण आफ्रिकेचा यष्टिरक्षक मार्क बाउचर याच्या डाव्या डोळ्याला जुलै २०१२ मध्ये टाँटनला यष्टींवरून उडालेली बेल लागली आणि त्याची आंतरराष्ट्रीय कारकीर्द तिथेच संपली. एवढीशी बेल!

लहान मुलांत तर कधीकधी बाहेरून फारसं काळं दिसत नाही, पण डोळ्याच्या खोबणीचं हाड मोडून स्नायू अडकतो. मूल ओकतं, वर बघताना कळवळतं.

एकाचे दोन दिसणं, अंधुक दिसणं, बुबुळापुढे रक्त, डोक्याला मार लागून दोन्ही डोळे काळे पडणं, यांपैकी काहीही असेल तर रात्र न काढता जळगावला नेत्रतज्ज्ञाकडे किंवा शासकीय रुग्णालयात जा.