विद्यापीठातील वायुगळती आणि वेळेवरचा इशारा

अमेरिकेतील अनेक विद्यापीठांच्या आवारात वसतिगृहे, भोजनगृहे आणि प्रयोगशाळा यांना नैसर्गिक वायू पुरवणाऱ्या वाहिन्या जमिनीखालून गेलेल्या असतात, आणि खोदकामात त्यांपैकी एखादी फुटली, की शेकडो, प्रसंगी हजारो माणसांना थोड्या वेळात सुरक्षित जागी हलवण्याची जबाबदारी विद्यापीठावर येते. ही जबाबदारी कशी पार पाडावी याविषयीचे आजचे नियम मोठी किंमत मोजून तयार झालेले आहेत.

नैसर्गिक वायूचा मुख्य घटक असलेल्या मिथेनला स्वतःचा गंध नसतो. टेक्सासमधील न्यू लंडन येथील शाळेत १८ मार्च १९३७ रोजी इमारतीखाली नकळत साचलेल्या अशाच गंधहीन वायूचा स्फोट होऊन सुमारे ३०० जण, त्यांतही बहुसंख्य मुले, मृत्युमुखी पडले. त्यानंतर वायूत मर्कॅप्टन हे उग्र वासाचे गंधकयुक्त रसायन मिसळणे बंधनकारक होत गेले. हवेत मिथेनचे प्रमाण साधारण ५ ते १५ टक्के असताना ठिणगी पडली तर स्फोट होऊ शकतो, आणि म्हणून या किमान मर्यादेच्या एकपंचमांश प्रमाणातही, म्हणजे सुमारे १ टक्क्यालाच, वास ओळखू यावा असा अमेरिकेतील नियम आहे. तथापि नाकाला वासाची सवय होते आणि मातीतून झिरपताना वायूचा गंध कमी होऊ शकतो. त्यामुळे वास नाहीसा झाला म्हणजे धोका टळला असे समजणे चुकीचे ठरते.

वासाने एकाला सावध केले, तरी सर्वांना सावध करण्यासाठी संस्थेची यंत्रणा लागते. लीहाय विद्यापीठाच्या वसतिगृहात १९८६ मध्ये जीन क्लेरी या विद्यार्थिनीची हत्या झाल्यानंतर, १९९० मध्ये आवारातील गुन्ह्यांची माहिती जाहीर करण्यास विद्यापीठांना भाग पाडणारा कायदा झाला आणि पुढे तो क्लेरी कायदा म्हणून ओळखला जाऊ लागला. १६ एप्रिल २००७ रोजी व्हर्जिनिया टेक विद्यापीठात सकाळी सव्वासातच्या सुमारास पहिला गोळीबार झाला, परंतु सर्वांना पाठवलेला पहिला ईमेल ९ वाजून २६ मिनिटांनी निघाला, कारण इशारा पाठवण्याची व्यवस्था विद्यापीठाच्या पोलिसांच्या हाती नव्हती आणि निर्णय वरिष्ठांच्या बैठकीत होत होता. त्यानंतर थोड्याच वेळात दुसऱ्या इमारतीत गोळीबार झाला आणि त्या दिवशी एकूण ३२ जणांचे प्राण गेले. पुढच्याच वर्षी झालेल्या दुरुस्तीने जीविताला किंवा आरोग्याला तातडीचा धोका असल्याची खात्री होताच विलंब न लावता सूचना देणे विद्यापीठांना बंधनकारक केले. हा नियम वायुगळतीलाही लागू होतो, गरजेनुसार आवाराच्या बाधित भागापुरतीच सूचना देण्याची मुभा देतो, आणि यंत्रणेची वर्षातून किमान एकदा चाचणी घेण्यास सांगतो.

उपयोगी संदेशात काय घडले, नेमके कुठे घडले आणि वाचणाऱ्याने काय करावे, या तीन गोष्टी मोजक्या शब्दांत असाव्या लागतात. ‘इमारत रिकामी करा’ आणि ‘आत थांबून दारेखिडक्या बंद करा’ या परस्परविरुद्ध सूचना आहेत: वायू इमारतीत साचत असेल तर बाहेर पडणे हाच उपाय असतो, पण जवळपास क्लोरीनसारखा विषारी वायू बाहेर पसरला असेल तर आत थांबणे अधिक सुरक्षित ठरू शकते. इमारत सोडताना दिव्याचे बटण लावणे जसे टाळायचे, तसेच ते बंद करणेही टाळायचे, कारण दोन्ही वेळी ठिणगी उडू शकते. उद्वाहन वापरू नये, आणि दूरध्वनी पुरेशा अंतरावर गेल्यावरच करावा. जिने उतरू न शकणाऱ्यांना कोण आणि कसे बाहेर नेणार, हे आधी ठरलेले नसेल, तर स्थलांतराची योजना अपुरी आहे. मिथेन हवेपेक्षा हलका असला तरी मलवाहिन्यांतून दूरच्या इमारतीतही शिरू शकतो. म्हणून तपासणीपथकाने मापकयंत्राने खात्री करून ‘धोका टळला’ असे जाहीर करेपर्यंत कोणीही परत आत जाऊ नये.

महाराष्ट्रातून अमेरिकेत शिकायला जाणाऱ्यांनी तेथील नवा मोबाइल क्रमांक विद्यापीठाच्या सूचनायंत्रणेत नोंदला गेला आहे का, हे पहिल्याच आठवड्यात पाहावे. भारतातही हा विषय परका नाही. येथे सिलिंडरमधील एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो, तर नळाने येणारा नैसर्गिक वायू छताकडे चढतो. एलपीजी गळतीसाठी १९०६ हा मदत क्रमांक आहे. मात्र क्रमांक माहीत असणे पुरेसे नाही. महाविद्यालयात किंवा वसतिगृहात इमारत रिकामी करण्याचा आदेश देण्याचा अधिकार प्रत्यक्ष हजर असलेल्या व्यक्तीला असला पाहिजे, आणि गळती सापडली नाही तरी त्या आदेशाबद्दल तिला दोष दिला जाता कामा नये. कारण दोषाच्या भीतीने लांबलेला इशारा खोट्या इशाऱ्यापेक्षा कितीतरी महाग पडतो.