उदरातील जंतुसृष्टी आणि विषाणूंचा ताप (लेखांक ६ वा)

१९७३ साली सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे चिकुनगुन्याची साथ उद्भवली, तेव्हा पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने तिची रीतसर पाहणी केली; त्यानंतर तीन दशकांहून अधिक काळ आपल्या देशातून जणू नाहीसाच झालेला हा रोग २००५ च्या अखेरीस परतला, आणि २००६ या एका वर्षात सुमारे १४ लाख संशयित रुग्णांची नोंद सरकारी दप्तरात झाली. हा ताप प्राण क्वचितच घेतो, पण सर्वांना सारख्या मापाने छळत नाही: एकजण आठवड्याभरात उठून कामाला लागतो, तर दुसऱ्याचे सांधे महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षे, धरून राहतात. वय, पूर्वीची व्याधी, शरीरात शिरलेल्या विषाणूंचे प्रमाण ही त्याची कारणे वैद्यकाला परिचित आहेतच. परंतु अलीकडच्या संशोधनाने त्यांच्या पंक्तीस आणखी एक कारण आणून बसविले आहे, आणि ते म्हणजे गेल्या काही लेखांकांत आपण जिचा परिचय करून घेतला ती आतड्यांतील जंतुसृष्टी.

विषाणू डासाच्या दंशातून कातडीखाली उतरतो, त्याचा मुक्काम सांध्यांत आणि स्नायूंत पडतो. मग मोठ्या आतड्यात नांदणाऱ्या जंतूंचा या कारभाराशी संबंध तो काय, असा प्रश्न कोणाही विचारी वाचकाच्या मनात यावा. अमेरिकेतील सेंट लुइस येथील वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत याचे जे उत्तर मिळाले, ते मला या साऱ्या विषयाचे मर्मस्थान वाटते. ज्या उंदरांच्या उदरात जन्मापासून एकही जंतू नव्हता, किंवा ज्यांच्या आतड्यांतील जंतू तोंडावाटे प्रतिजैविके देऊन बहुतांशी नष्ट केले होते, त्यांच्या शरीरात चिकुनगुन्याचा विषाणू इतर उंदरांच्या तुलनेने एका दिवसाच्या आतच अधिक वाढला व अधिक दूरवर पसरला. रक्तातील ज्या विशिष्ट पेशी विषाणूची चाहूल लागताच इंटरफेरॉन नामक द्रव्य स्रवून सर्व शरीराला वर्दी देतात (हे द्रव्य लंडनमध्ये आयझॅक्स आणि लिंडेनमान यांनी १९५७ साली शोधून काढले), त्यांचेच काम या उंदरांत मंदावलेले होते. आणि वर्दी वेळेवर न पोहोचल्यामुळे, एरवी विषाणूला थारा न देणाऱ्या रक्तातील श्वेतपेशीच त्याचे आश्रयस्थान बनल्या.

आता या जंतुहीन उंदरांच्या आतड्यांत असंख्य जातींपैकी केवळ एक जात, क्लॉस्ट्रिडियम सिंडेन्स, पुन्हा वसविली, तेव्हा इंटरफेरॉनचा बंदोबस्त पूर्ववत झाला. ही जात काय करते? यकृत कोलेस्टेरॉलपासून पित्ताम्ले तयार करते आणि स्निग्ध पदार्थांच्या पचनासाठी लहान आतड्यात सोडते. त्यांचा बहुतेक अंश पुन्हा शोषला जाऊन यकृताकडे परततो, पण जो थोडा अंश मोठ्या आतड्यापर्यंत पोहोचतो त्याचे हे जंतू रूपांतर करतात आणि त्यातून डीऑक्सिकोलिक आम्ल निर्माण होते. संशोधकांनी जंतू बाजूला ठेवून नुसते हे आम्ल उंदरांना दिले, तरी तोच परिणाम दिसला. शिवाय अशा उंदरांचे रक्त शोषणाऱ्या डासांकडे परत जाणारा विषाणूही घटला. म्हणजे एका प्राण्याच्या पचनमार्गातील एक अवशिष्ट द्रव्य केवळ त्याच्याच आजाराच्या तीव्रतेवर नव्हे, तर साथीच्या प्रसारावरही अंमल चालवू शकते. हे वाचून मी कितीतरी वेळ विस्मित होऊन बसलो होतो.

प्रयोग उंदरांवरचे आहेत, आणि त्यांचे निष्कर्ष जसेच्या तसे मनुष्याला लावता येत नाहीत, हे खरेच. तरीही विषाणूजन्य तापात प्रतिजैविकांचा काडीमात्र उपयोग नसताना, डॉक्टरांना न विचारता दुकानातून त्या गोळ्या आणून घेण्याचा जो प्रघात आपल्याकडे घरोघरी रुळला आहे, त्याविषयी आता अधिक कळकळीने बोलणे मला भाग वाटते. त्या गोळ्या विषाणूला धक्काही लावीत नाहीत. त्या मारतात ते जंतूंना, आणि त्या जंतूंत आपले हितकर्तेही असतात.

तथापि, आतड्यांतील जंतू हे सदासर्वदा आपले रक्षकच, असा समज वाचकांनी करून घेऊ नये. टेक्सासमधील डॅलस येथे ज्युली फायफर यांच्या प्रयोगशाळेने २०११ साली जे दाखविले, ते याच्या नेमके उलट आहे: पोलिओचा विषाणू देण्यापूर्वी ज्या उंदरांच्या आतड्यांतील जंतू प्रतिजैविकांनी मारले होते, ते रोगाला कमी बळी पडले. पोलिओचा विषाणू आतड्यातूनच शरीरात प्रवेश करतो. जंतूंच्या पृष्ठभागावरील शर्करायुक्त द्रव्यांना तो चिकटतो आणि त्यांच्या आधाराने अधिक टिकाऊ व अधिक संसर्गक्षम होतो. ज्या वसतीमुळे चिकुनगुन्याला पायबंद बसतो, तीच पोलिओला शिडी पुरविते.

मनुष्याच्या बाबतीत पुरावा अद्याप विरळ आहे. हाँगकाँगमधील १०० कोविड रुग्णांच्या मलाची तपासणी करून २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात फीकॅलिबॅक्टेरियम आणि बिफिडोबॅक्टेरियम यांसारख्या, प्रतिकारयंत्रणेला संयमात ठेवणाऱ्या जंतूंचे प्रमाण घटलेले आढळले, आणि आजाराच्या तीव्रतेशी या बदलाचा मेळ बसत होता. पण जंतू घटले म्हणून आजार बळावला, की आजारामुळे व औषधांमुळे जंतू घटले, याचा निवाडा अशा निरीक्षणातून होत नाही. तो व्हायचा तर प्रत्यक्ष हस्तक्षेप करूनच पाहावे लागते, आणि तसा एक प्रयत्न आपल्याच देशात झाला आहे. तोंडावाटे द्यावयाची पोलिओची लस आपल्याकडील बालकांत पाश्चात्त्य देशांइतकी प्रभावी ठरत नाही, हे वेल्लोरच्या जेकब जॉन यांनी १९७० च्या दशकातच दाखवून दिले होते. आतड्यांतील उपद्रवी जंतू दूर केले तर लस अधिक लागू पडेल, या अपेक्षेने तमिळनाडूतील बालकांना लशीपूर्वी अझिथ्रोमायसिन देण्यात आले. २०१६ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले, ते असे की उपद्रवी जंतू घटले खरे, पण लशीचा प्रभाव वाढला नाही. बालकाच्या उदरात ही वसती मुळात केव्हा आणि कोणाकडून येते, हा पुढील लेखांकाचा विषय.