क्यू आणि झेड : अडून बसणारी अक्षरे

स्क्रॅबल खेळताना हाती क्यू यावा आणि यू एकही नसावा, हे संकट आपल्या वाचकांपैकी पुष्कळांनी भोगलं असेल. क्यू आणि झेडला 10 गुण, जे आणि एक्सला 8, आणि प्रत्येकाची सोंगटी एकच. क्वचित मिळतं ते महाग, बाजारासारखंच.

पण यूशिवाय चालणारे क्यूचे शब्द इंग्रजीत आले कुठून ते पाहा. 'फकीर' क्यू घालून चालतो. क्यू-ए-डी-आय म्हणजे न्याय करणारा, आपला काजीच. कोकणात आपल्या समाजातही काजी असत, धर्मविधी करीत आणि तंटे मिटवीत. क्यू-ए-टी म्हणजे येमेनमध्ये चघळतात तो पाला, विड्यातल्या काताशी त्याचा संबंध नाही. आणि क्यू-ओ-पी-एच तर आपल्या आलेफ-बेथमधलं एकोणिसावं अक्षर कोफ, किंमत 100. इंग्रजीतला क्यू याच घराण्यातला. फिनिशियनांकडून ग्रीकांकडे आणि तिथून रोमनांकडे गेला. झेडही तसाच, झायिनच्या कुळातला. म्हणजे साहेबाला अडवणारी ही अक्षरे मुळात आपल्याच शेजारची!

इथे न्यूझीलंडमध्ये माओरी भाषेला क्यू, झेड, जे, एक्स यांतलं एकही अक्षर लागत नाही. देशाच्या नावातला झेड हॉलंडच्या झीलंड प्रांतावरून आला. इथल्या जुन्या बोलीत मैदानावर प्रथमोपचार करणाऱ्याला 'झॅम्बक' म्हणत. त्या नावाचं हिरवं, निलगिरीच्या वासाचं मलम होतं, आपल्या झंडू बामसारखं घरोघरी.

क्राइस्टचर्चला जन्मलेले नायजेल रिचर्ड्स 2015 साली फ्रेंच भाषेतल्या स्क्रॅबलचे जगज्जेते झाले, आणि 2024 साली स्पॅनिशचे. या भाषा त्यांना बोलता येत नाहीत, शब्द तेवढे पाठ. स्मरणशक्ती अफाट, यात वादच नाही. पण आम्हा नर्सेसना हे पचत नाही. अर्थ न कळता शब्द चार्टवर लिहिला तर रोग्याचं काय व्हायचं?

तरी मुंबईत शिकताना आम्हा मुलींना अर्थ कोण सांगत होतं? 'जेजुनम' म्हणजे लहान आतड्याचा मधला भाग, एवढंच घोकलं. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ उपाशी, रिकामा. मेल्यावर तो भाग रिकामा सापडे म्हणून हे नाव. 'झायगोमा' म्हणजे गालाचं हाड. ग्रीकमध्ये झुगोन म्हणजे जू, आणि आपलं जूही त्याच मुळाचं, संस्कृत युगाच्या कुळातलं. घाण्याच्या बैलाच्या मानेवर असायचं तेच! आम्ही शनवार तेल्यांच्या नाती, आणि हा शब्द परका समजून पाठ करीत बसलो.

आता नातवंडांना झायगोमाचे 21 गुण तोंडपाठ असतात. जू म्हणजे काय विचारलं तर एकमेकांकडे पाहतात. घाणा तर चित्रातसुद्धा पाहिलेला नाही. तेव्हा खेळ जरूर खेळावा, पण सोंगट्या मांडताना आजी-आजोबांनी शेजारी बसावं. आणि क्यू-झेडचे असे आणखी शब्द कुणाला माहीत असतील तर संपादकांकडे जरूर पाठवावेत, अर्थासकट.